ब्रेक ऑइल : डब्यातले आणि गाडीतले

कल्याण पूर्वेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती शिफ्टने रिक्षा चालवतात. गेले काही दिवस ब्रेकचे पॅडल पहिल्या दाबाला खाली जाते, दोन-तीन वेळा पंप मारला की ब्रेक लागतो. ‘सवय झाली आहे, काळजी करू नको,’ असे पती म्हणतात. काळजी करावी की नाही, एवढेच त्यांनी विचारले आहे.

करावी. आणि गाडी आजच थांबवावी. पंप मारून लागणारा ब्रेक हा लागणारा ब्रेक नव्हे. समोर शाळेतून सुटलेले पोर धावत आले, तर तीन वेळा पॅडल मारायला कोणाला वेळ मिळतो?

पत्र एकीचे असले तरी प्रश्न शेकडो घरांचा आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात आपल्या समाजातील किती घरांची चूल रिक्षा, टेम्पो, डंपर आणि स्कूलव्हॅनवर पेटते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. इंजिन ऑइल कधी बदलले, हे या घरांतील लहान मूलही सांगते. पण ब्रेक ऑइल कधी बदलले असे विचारले की उत्तर येते, ‘कमी झाले की टाकतो.’ टाकणे आणि बदलणे यात फरक आहे. तो समजावा म्हणून आजचे सदर.

आधी हे तेल करते काय ते पाहू. मेडिकलमधून सुया नसलेल्या दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या आणाव्यात, त्या बारीक प्लॅस्टिकच्या नळीने जोडाव्यात आणि आत पाणी भरावे. एक दांडा दाबला की दुसरा त्याच क्षणी सरकतो. आता नळीत हवेचा एक बुडबुडा राहू द्या. पहिला दांडा दाबला जातो, दुसरा आळसावतो. कारण पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. आठवीच्या विज्ञानाच्या चार पानांपेक्षा जास्त समजते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडला. त्याच्या आधारे १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार काढली. आज स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षाचा ब्रेक त्याच नियमावर चालतो. पॅडलखाली मास्टर सिलिंडर, तिथून नळ्या, प्रत्येक चाकात लहान व्हील सिलिंडर, आणि तो ब्रेक शू ड्रमवर दाबतो. मधल्या सगळ्या वाटेत भरलेले असते ते ब्रेक ऑइल.

नाव ऑइल असले तरी ते खरे पाहता तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ या नावांनी आपल्या दुकानांत मिळणारा द्रव ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा असतो. त्याचा स्वभाव असा की तो हवेतला ओलावा शोषून घेतो. पावसाळ्यात मिठाचा डबा उघडा राहिला की मीठ कसे पाणी धरते, तसेच. गाडीत हा ओलावा रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून हळूहळू आत जातो. आपला भाग तर खाडीकाठचा. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे ओलसर लागतात, तिथे ब्रेक ऑइल कोरडे कसे राहील?

पाणी शिरले तर काय बिघडते? उकळण्याचा बिंदू खाली येतो. नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की हेच प्रमाण १४० अंशांवर येते. डॉट ४ चे नव्याचे २३०, पाणी धरलेल्याचे १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे डबा कितीही चांगला असला तरी जुने झालेले तेल हे जुनेच.

आता मुंब्रा बायपासचा उतार किंवा घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा उतार डोळ्यांसमोर आणा. मागे तीन सवारी, पुढे कायद्यात नसलेली चौथी सीट, पुढच्या डंपरमुळे सतत ब्रेकवर पाय. ड्रम तापतो, ती उष्णता व्हील सिलिंडरमधल्या तेलात जाते, तेलातले पाणी उकळते आणि नळीत वाफेचा बुडबुडा तयार होतो. पिचकारीतला तोच बुडबुडा! पॅडल थेट खाली जाते. चालकाला वाटते ब्रेक गेला. गाडी कशीबशी थांबवून तो बाजूला उभा राहतो, चहा घेतो. तेवढ्यात सगळे थंड होते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पॅडल पूर्वीसारखे ताठ लागते. मेकॅनिककडे गेला तर तो पॅडल दाबून म्हणतो, ‘काही नाही झाले, ब्रेक चांगला आहे.’ दोघेही खरे बोलत असतात, आणि दोष आतच राहतो. आपोआप बरा झालेला ब्रेक हा आमच्या मते सर्वांत धोक्याचा. त्यावर माणूस विसंबतो.

पॅडल काय सांगते ते ओळखायला शिकावे. पॅडल ताठ आहे, पण गाडी थांबत नाही, तर दोष बहुधा शूमध्ये आहे. लायनर झिजला असेल, जास्त तापला असेल, ड्रममध्ये पाणी गेले असेल किंवा शूवर तेल उतरले असेल. पॅडल मऊ लागते, स्पंजसारखे दबते, तर नळीत हवा किंवा वाफ आहे. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकते, तर मास्टर सिलिंडरमधील वॉशर गेला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. पंप मारून लागणारा ब्रेक यांपैकी कशामुळेही असू शकतो, शूची सेटिंग ढिली झाल्यामुळेही. म्हणून अशा गाडीत नुसते तेल ओतून भागत नाही. चाके उघडून पाहावी लागतात.

पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक कमी लागतो, ती गोष्ट वेगळी. तिथे ड्रम आणि शू ओले झालेले असतात. हळू गाडी चालवत पॅडल हलके दाबत राहिले की ते सुकतात. पण गाडी तासन्‌तास पाण्यात उभी राहिली असेल, पाणी ब्रेक ऑइलच्या टाकीपर्यंत चढले असेल, तर तेल बदलल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी कल्याण-बदलापूर पट्ट्यात पाहिला आहे, त्यांना पाणी कुठवर चढते हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

तेल कोणते घ्यावे? याचे उत्तर दुकानदार देत नाही, मेकॅनिकही देत नाही. ते टाकीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. डॉट ३ लिहिले असेल तर डॉट ३ घालावे. तिथे डॉट ४ चालते, दोन्ही एकाच जातीची आहेत. उलटे करू नये, डॉट ४ च्या गाडीत डॉट ३ घालणे म्हणजे उकळबिंदू आपल्या हाताने खाली आणणे. डॉट ५ नावाचे आणखी एक तेल असते, ते सिलिकॉनचे. ५ आणि ५.१ हे आकडे शेजारचे असले तरी ही तेले एका घरची नाहीत, ती कधीही मिसळू नयेत. आपल्याकडच्या दुकानांत डॉट ५ सहसा दिसत नाही, पण कोणी ‘भारीतले’ म्हणून हातात दिलेच, तर परत करावे.

सर्वांत मोठा घात होतो तो वेगळ्याच तेलाने. रात्रीची वेळ, दुकाने बंद, टाकी रिकामी, आणि शेजारचा सल्ला देतो, ‘थोडे इंजिन ऑइल टाक, घरी तर पोहोचशील.’ किंवा डंपरवाला मित्र जॅकचे हायड्रॉलिक ऑइल देतो. हायड्रॉलिक म्हणजे हायड्रॉलिकच ना! पण नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, पॉवर स्टेअरिंगचे तेल, डंपरचा हौदा उचलणाऱ्या जॅकचे ४६ किंवा ६८ नंबरचे तेल, ही सारी खनिज तेले. ब्रेकमधले रबर त्यांच्यासाठी बनलेलेच नसते. ते रबर फुगते, वॉशर सिलिंडरमध्ये अडकतात, ब्रेक जाम होतो किंवा लागतच नाही. हे लगेच होत नाही, म्हणून सल्ला देणाऱ्याचे फावते. एकदा असे तेल गेले की नळ्या धुवून, होज आणि सगळे वॉशर किट नवे घालावे लागते. डंपर चालवणाऱ्या बांधवांनी हेच उलट बाजूने लक्षात ठेवावे. जॅकच्या टाकीत ब्रेक ऑइल घातले तर तिथले सील खराब होतात. बोटीच्या इंजिनाला वर-खाली करणारा पंप असो, जेसीबीचा हात असो की रिक्षाचा ब्रेक, दाब पोहोचवण्याचे काम एकच, पण प्रत्येकाचे रबर निराळे आणि म्हणून तेल निराळे.

वॉशर पेट्रोलने किंवा डिझेलने धुण्याची खोडही याच कारणाने सोडावी. ब्रेकचे रबरी भाग नव्या ब्रेक ऑइलनेच पुसायचे असतात.

सुटे तेल घेऊ नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. मोठ्या कॅनमधून बाटलीत मोजून देतात, दोन पैसे वाचतात. पण तो कॅन कधी उघडला, त्यात किती पावसाळे शिरले, कोणास ठाऊक. रिक्षाला लागेल तेवढाच लहान सीलबंद डबा घ्यावा, सील आपल्या समोर तोडावे, तारीख पाहावी. उरलेले पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात काटकसर नाही. आणि ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर कदापि भरू नये. आपली घरे एका-दोन खोल्यांची, गाडीचे सामान खाटेखालीच असते. हे तेल विषारी आहे. लहान मुलाच्या पोटात गेले तर घरगुती उपाय करू नयेत, जबरदस्तीने उलटी काढू नये. तोच डबा हातात घेऊन तडक जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. कल्याणात रुक्मिणीबाई, डोंबिवलीत शास्त्रीनगर, ठाण्याकडे कळवा रुग्णालय. डब्यावरचे नाव वाचून डॉक्टरांचा वेळ वाचतो.

बदलायचे कधी? गाडीच्या पुस्तकात जे अंतर किंवा मुदत दिली असेल ती पाळावी. साधारणपणे दोन वर्षांच्या पुढे कोणतेही ब्रेक ऑइल नेऊ नये, आणि दिवसभर शेअर धंदा करणाऱ्या गाडीने तर दरवर्षी बदलले तरी ते जास्त होत नाही. आमचे मत असे की वर्षावास सुरू होण्याआधी, म्हणजे आषाढ पौर्णिमेच्या आत, हे काम उरकावे. तारीख लक्षात राहते आणि पावसाआधी गाडी तयार होते. आठ वर्षांच्या आतील व्यावसायिक गाडीचे पासिंग दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी असते. ज्यांना पौर्णिमा सोयीची नाही, त्यांनी पासिंगची तारीख धरावी. नवे तेल फिकट पिवळे, आरपार दिसणारे असते. जुने तपकिरी, चहासारखे होते. पण रंग चांगला म्हणजे तेल चांगले, असे मुळीच नाही. पाणी डोळ्यांना दिसत नाही. ओलावा तपासणारे पेनासारखे यंत्र मिळते. स्टँडवरच्या दहा जणांनी मिळून एक घेतले तर अंदाजासाठी बरे.

टाकीतली पातळी खाली गेली तर आधी कारण शोधावे. शू झिजले की पातळी थोडी उतरते, हे स्वाभाविक. पण वारंवार उतरत असेल तर गळती आहे. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, हे रोज सकाळी गाडी पुसताना पाहावे. पाणी धरलेले तेल सिलिंडरला आतून गंज चढवते, त्या खडबडीत भिंतीवर वॉशर कापला जातो आणि गळती सुरू होते. डब्याचे पैसे वाचवले की सिलिंडरचे द्यावे लागतात, ते असे.

बदलण्याची रीत अवघड नाही, पण दोन माणसे लागतात. ज्याला हे काम येत नाही त्याने मेकॅनिककडूनच करून घ्यावे, मात्र समोर उभे राहून. प्रथम टाकीतले जुने तेल पिचकारीने ओढून काढायचे, टाकी स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसायची, नवे तेल भरायचे. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची (पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो). निपलला पारदर्शक नळी लावायची, नळीचे दुसरे टोक थोडे नवे तेल असलेल्या बाटलीत बुडवायचे. एकाने पॅडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल अर्धा आटा ढिला करायचा. जुने तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. निपल आवळल्याशिवाय पॅडलवरचा पाय उचलायचा नाही. ही एकच गोष्ट चुकली की बाहेर गेलेली हवा परत आत येते आणि तासभराची मेहनत वाया जाते. नळीतून बुडबुड्यांशिवाय स्वच्छ तेल येईपर्यंत हे करायचे, मग पुढचे चाक. मध्ये टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. शेवटी शूची सेटिंग, पॅडलची तपासणी आणि मोकळ्या जागेत अगदी कमी वेगाने चाचणी. सवारी त्यानंतरच घ्यावी. एबीएस असलेल्या गाड्यांना मात्र घरी हात लावू नये.

तेलाचा थेंब पत्र्यावर पडला तर लगेच पाण्याने धुवावा, ते रंग खाते. मागच्या बाजूला पैसे देऊन सुंदर अक्षरांत ‘जय भीम’ लिहून घेतलेले असते, आणि मेकॅनिकच्या तेलकट हाताने त्यातला अर्धा ‘भी’ जातो, असे आम्ही पाहिले आहे.

बंपरला लिंबू-मिरची बांधणारे काही आपलेच बांधव आहेत, याचे आम्हाला वाईट वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला जे सोडायला सांगितले, ते गाडीच्या नंबरप्लेटखाली कसे टिकून राहिले? तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून किंवा कोणी थोर सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. ज्या शनिवारी लिंबू बदलता, त्या शनिवारी झाकण उघडून तेलाची पातळी पाहावी. आणि ‘भाई, तीस वर्षे गाड्या उघडतोय’ असे सांगून झाकणावरचे अक्षर न वाचणाऱ्या मेकॅनिकलाही हाच नियम लावावा.

आता अवघड भाग. गाडी आपली नसते. शिफ्टवाल्याने तेल बदलायचे म्हटले की मालक म्हणतो, ‘तुझ्या खर्चाने कर,’ आणि चालक म्हणतो, ‘गाडी त्याची, मी कशाला?’ या ओढाताणीत पावसाळा येतो. कायदा काय म्हणतो ते दोघांनी ऐकावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार दोष माहीत असताना धोकादायक गाडी चालवणारा तर दोषी आहेच, पण ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून शिफ्टवाल्या बांधवांनी ब्रेकची तक्रार नुसती तोंडी करू नये. मालकाच्या मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवाव्यात, तारखेसह. भांडण न करता लिहिता येते: ‘पॅडल खाली जाते, तेल बदलून एअर काढून घ्या, तोवर गाडी काढत नाही.’ एक दिवसाचा धंदा बुडतो, हे आम्हाला कळते. ज्या घरात रोजच्या कमाईवर रोजचे रेशन येते, तिथे ‘गाडी काढत नाही’ हे तीन शब्द किती जड आहेत, हेही कळते. म्हणूनच हे काम अचानक अंगावर येऊ न देता सुट्टीच्या दिवशी, आधी ठरवून करावे, आणि स्टँडच्या युनियनने मालकांशी एकदाच बोलून तेलाचा खर्च कोणाचा हे कायमचे ठरवून टाकावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४२ सालीच व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या तरुणांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी केली होती. कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये आणि अंबरनाथच्या कारखान्यांत पाना हाती घेतलेली पिढी आता निवृत्त झाली. त्यांच्या नातवंडांपैकी जे आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड करत आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. एखाद्या रविवारी विहाराच्या अंगणात चार पाने, एक पारदर्शक नळी आणि दोन सीलबंद डबे घेऊन बसावे आणि वस्तीतल्या चालकांना निपल ढिला-घट्ट करण्याची रीत हाताने करून दाखवावी. महिला मंडळाच्या भगिनींनीही त्या दिवशी थांबावे. पॅडल दाबून धरायला दुसरे माणूस लागतेच.

काढलेले जुने तेल परत वापरू नये आणि वालधुनीच्या नाल्यात ओतू नये. झाकणबंद डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे, पण त्यांच्या इंजिन ऑइलच्या पिंपात न मिसळता वेगळे. तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर टाकीजवळ चिकटपट्टीवर लिहावे, आणि घरी रेशन-दुधाच्या वहीतही. गाडीवरची अक्षरे पावसात पुसली जातात.